अलाइनर: ॲप म्हणतंय उद्या पुढचा सेट घाला, पण सुळ्यापाशी फट दिसतेय

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी शिक्षिका आहे, वय ३८. खालचे पटाशीचे दात दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले आणि वरचा डावा सुळा जागच्या जागी फिरलेला. ऑर्थोडोंटिस्टांनी (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी) एक्स-रे, स्कॅन सगळं करून पारदर्शक अलाइनर दिले, म्हणजे दातांवर घालायचे, दात हळूहळू सरकवणारे प्लास्टिकचे ट्रे, एकापाठोपाठ एक सेट बदलायचे. सुरुवातीचे सेट सुरळीत गेले. आताच्या सेटमध्ये बाकीचे दात प्लास्टिकमध्ये घट्ट बसलेत, पण त्या सुळ्याच्या टोकापाशी रिकामी जागा राहते. आरशासमोर मोबाइलचा दिवा धरला की ती स्पष्टच दिसते. ॲपमध्ये उद्याची तारीख पडली आहे: पुढचा सेट घाला. डॉक्टरांची ठरलेली भेट अजून लांब आहे. घालू की थांबू?

दुसरा प्रश्न कामाचा. माझे तास सलग असतात आणि अलाइनर घालून बोलताना ‘स’ आणि ‘च’ नीट उमटत नाहीत. शाळेच्या वेळात काढून ठेवले आणि उरलेला सगळा वेळ, रात्र धरून, घातले तर चालेल का? साधारण १६ तास भरतील.

तिसरं म्हणजे प्लास्टिक धुरकट झालंय आणि सकाळी काढताना वास येतो. एक सहकारी म्हणते, उकळत्या पाण्यात टाक, जंतू मरतील.

मला हे मनापासून नीट पार पाडायचं आहे. ओठ मिटून हसायची सवय लहानपणापासूनची आहे, ती मोडायची आहे.

साचेकाम

ताई, उकळत्या पाण्याचं आधी सांगते, कारण तिथे नुकसान क्षणात होतं. अजिबात टाकू नका. मी अलाइनर बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तुमच्या दातांच्या प्रत्येक टप्प्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापला जातो. त्यावर साधारण पाऊण मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची शीट तापवून, मऊ करून, दाबाने बसवतात. थंड झाली की हिरडीच्या रेषेवर कापून आम्ही कडा घासतो. उष्णतेने आकार घेतलेलं हे प्लास्टिक उष्णतेनेच आकार सोडतं. उकळत्या पाण्यातून काढलेला ट्रे डोळ्यांना तसाच दिसेल, पण एका सेटने दात सरकवायचा असतो जेमतेम पाव मिलिमीटर. एवढ्या बारीक कामाला साच्यातला थोडा फरकही पुरतो. गरम पाण्याचा नळ, उन्हात उभी असलेली गाडी, गरम पेय, सगळं त्यातच आलं.

आता फटीचं. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांतला हाच खरा महत्त्वाचा. सेट बदलायचा तो बसणी बघून. तारीख हा अंदाज असतो, आणि तो अंदाज तुम्ही दिवसाला २० ते २२ तास घालाल असं धरून केलेला असतो.

यामागचं कारण सांगते. नवा ट्रे मुद्दामच आत्ताच्या दातांपेक्षा किंचित वेगळ्या आकाराचा असतो, म्हणून तो दाबतो. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा एक पातळ थर असतो, त्याची जाडीही पाव मिलिमीटरच्या आसपासच. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी विरघळवतात, दुसऱ्या बाजूला ताण पडतो तिथे नवं हाड भरलं जातं. हे काम दिवसांच्या हिशोबाने चालतं, तासांच्या नाही. दात ट्रेच्या आकाराला पोचला की ट्रे सैल, सहज बसणारा होतो. तेव्हा तो सेट संपला म्हणायचा. तुमचा सुळा अजून तिथे पोचलेला नाही. आता पुढचा ट्रे घातलात तर त्याला एका फटक्यात दोन टप्प्यांचं अंतर तोडावं लागेल. प्लास्टिक तेवढं ताणून त्याला पकडूच शकत नाही, ते वरून घसरतं, आणि प्रत्येक सेटगणिक फट वाढत जाते. आमच्याकडे नव्या स्कॅनवर पुन्हा बनवायला येणाऱ्या कामांत असे मागे पडलेले सुळे खूप दिसतात.

सुळाच का, तर तो गोलसर आणि निमुळता असतो. पटाशीचा दात चपटा, त्याला दोन बाजूंनी धरून फिरवता येतं. सुळ्याला धरायला कडाच नाही. म्हणून त्यावर दाताच्या रंगाचं बारीक बटण चिकटवतात. तुमच्या सुळ्यावर ते शाबूत आहे का, आधी बोट फिरवून बघा. झिजलं किंवा पडलं असेल तर ट्रेला पकड मिळत नाही, आणि मग तुम्ही कितीही तास घातलेत तरी तो दात फिरणार नाही.

बटण जागेवर असेल तर च्युई वापरा. मऊ रबरी नळकांडं असतं, ते नेमकं सुळ्याखाली धरून सावकाश चावायचं, पाच-दहा मिनिटं, ट्रे पुन्हा घालाल त्या प्रत्येक वेळी. आणि आजच फटीचा फोटो काढून दवाखान्यात पाठवा. भेट लांब असली तरी फोटो बघायला त्यांना दोन मिनिटं लागतात.

१६ तासांबद्दल: नका करू, ताई. ट्रे काढून ठेवलेल्या वेळात तंतू दाताला मागे ओढतात. परत घातलात की तो पुन्हा पुढे ढकलला जातो. दिवसचे दिवस हे असं पुढे-मागे चाललं तर दात दुखतो, हलू लागतो, आणि जागचा फारसा सरकत नाही. बोलण्याचा त्रास खरा आहे, पण जीभ शिकते. तिला सराव हवा आणि तो ट्रे घालूनच व्हायला हवा. रोज घरी मोठ्याने वाचा, मुद्दाम ‘स, श, च, ज’ भरलेली वाक्यं निवडून, आणि नव्या सेटचा पहिला दिवस सुट्टीच्या आदल्या रात्री येईल असं डॉक्टरांना विचारून जुळवून घ्या. नवा ट्रे रात्री झोपताना घातला की पहिले घट्ट तास झोपेत जातात.

वास आणि धुरकटपणा याचं मूळ एकच. लाळेतला आणि दातांवरचा थर प्लास्टिकवर बसतो आणि वाळतो. वाळला की निघत नाही. म्हणून काढल्या काढल्या ट्रे थंड किंवा कोमट पाण्याखाली धरायचा, मग डबीत. दिवसातून दोनदा वेगळ्या मऊ ब्रशने आणि रंग-वास नसलेल्या पातळ साबणाने आतून-बाहेरून घासायचा. टूथपेस्ट नको, तिच्यातले खरखरीत कण प्लास्टिकवर ओरखडे काढतात आणि त्या ओरखड्यांतच पुढचा थर घर करतो. ट्रे साफ करायच्या फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या चालतील, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरत्या. नंतर खळखळून धुवा. कागदी रुमालात गुंडाळून कधीच ठेवू नका. अलाइनर हरवण्याचा तो सगळ्यांत सोपा मार्ग आहे, कोणीतरी कचरा म्हणून उचलून टाकतं.

मुखदर्पण

मी दंतवैद्य आहे. साचेकाम यांनी बहुतेक सगळं बरोबर सांगितलं आहे. एका ठिकाणी जरा आवर घालतो: सेट स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे लांबवू नका. तीन-चार दिवस थांबणं आणि लगेच कळवणं ठीक. फट तरीही हटली नाही तर निर्णय डॉक्टरांचा. कधी बटण बदलावं लागतं, कधी शेजारच्या दातांमध्ये जागा कमी पडते म्हणून सुळा अडतो आणि कडा अंशभर घासून जागा करून द्यावी लागते. त्या घासण्याला घाबरू नका, दोन दातांच्या मध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काम असतं आणि ते दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणापुरतंच राहतं. काही वेळा नवं स्कॅन करून पुढचे सेट नव्याने आखतात. त्यात उपचार फसला असं काही नाही. फिरलेला सुळा असेल तर आम्ही सुरुवातीपासूनच ही शक्यता धरून चालतो.

मला जास्त काळजी किडीची वाटते. लाळ दिवसभर दात धुते आणि तोंडातलं आम्ल शमवते. ट्रेखाली ती पोचत नाही. म्हणून ट्रे घातलेला असताना साध्या पाण्याशिवाय काहीही पिऊ नका. गोड पेयाचा घोट ट्रेच्या आत शिरला की तो तासन्तास दातावर धरून ठेवला जातो. बटणांच्या भोवती पांढरे डाग पडू लागले तर तीच किडीची पहिली खूण. खाल्ल्यानंतर ब्रश करून मगच ट्रे घाला. शाळेत ब्रश करता येत नसेल तर निदान पाण्याने जोरात खळखळून चूळ भरा आणि ट्रे धुऊन घाला, तो डबीत पडून राहण्यापेक्षा ते बरं.

काढताना पुढच्या दातांपाशी ओढू नका. आतल्या बाजूने, मागच्या दाढेपासून, आधी एक बाजू मग दुसरी, अशी सोडवा. पुढून ओढल्याने ट्रे चिरतात आणि बटणंही उडतात. तुमच्या सुळ्याला तसंच काही झालेलं असू शकतं.

वाचनवेडा

माझाही एक प्रश्न यातच विचारतो. घरी ठसे घेऊन पाठवायचे आणि अलाइनर टपालाने मागवायचे, असं ऐकलं होतं. डॉक्टर हवाच का?

मुखदर्पण

हवाच. एक्स-रेशिवाय मुळांभोवती हाड किती उरलं आहे ते कळत नाही. हिरडीच्या आजाराने हाड झिजलेलं असताना दात ढकलले तर ते सैल होऊन जातात. वरून सगळं सरळ दिसत असेल तरीही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशा पद्धतीची सगळ्यांत मोठी कंपनी होती. ती डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक अधांतरी राहिले. फट दिसली तर फोटो कुणाला दाखवायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे खरोखरच उभा राहिला. ताईंना विचारायला जागा आहे, हे लहान सुख नव्हे.

शेवटचासेट

माझे अलाइनर संपले, आता रिटेनर आहे, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे. ताईंचे खालचे दात एकमेकांवर चढलेले आहेत म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मला ती माझ्या डॉक्टरांनी आधी सांगितली याचा फार उपयोग झाला. दाटी सुटली की दोन दातांच्या मध्ये, हिरडीलगत, कधीकधी काळा त्रिकोण दिसतो. एकमेकांवर चढलेल्या दातांमागे हिरडी आधीच आखडलेली असते, ती जागा उघडी पडते इतकंच. मोठ्या माणसांत जास्त दिसतं. दिसलं तर बिथरू नका, विचारा. त्यावरही उपाय असतात.

आणि रिटेनर. फिरलेला दात मागे वळायला सगळ्यांत उत्सुक असतो, कारण हिरडीतले तंतू पिळलेल्या दोरीसारखे ताणलेले राहतात आणि त्यांना नव्या जागी रुळायला जवळपास वर्ष लागतं. तुमच्या सुळ्याचं तेच होणार. शेवटचा सेट संपला की पहिल्याच दिवशी रिटेनर हातात असायला हवा, याची चौकशी आत्ताच करून ठेवा. मी रोज रात्री घालते आणि घालत राहणार आहे.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. बोट फिरवून पाहिलं. उजव्या सुळ्यावर उंचवटा नीट लागतो, डाव्यावर जवळजवळ सपाट आहे. फोटो पाठवला, दवाखान्यातून लगेच उत्तर आलं: पुढचा सेट घालू नका, आहे तोच घालत राहा आणि परवा या, बटण पुन्हा बसवू. पुढच्या तारखाही तेच सरकवणार आहेत.

शाळेतही ट्रे घालूनच शिकवायचं ठरवलं आहे. मुलांना सरळ सांगितलं, की माझे दात दुरुस्तीला आहेत, शब्द कळला नाही तर हात वर करा. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, दुखतं का. थोडं, म्हटलं. तिलाही तारा लागणार आहेत म्हणे.

एक शंका राहिली. जुने सेट टाकून देऊ का? डब्यात गर्दी झाली आहे.

साचेकाम

किती बरं वाटलं वाचून! सपाट बटण हे कारण असेल तर सुळा आता ऐकेल.

टाकू नका. लगेच आधीचा सेट तरी धुऊन, वाळवून, पिशवीवर नंबर लिहून ठेवा. चालू ट्रे हरवला किंवा तडकला तर पुढचा मिळेपर्यंत तोच दात धरून ठेवतो. मागे जायचं की पुढच्यावर उडी मारायची हे तेव्हा डॉक्टर ठरवतील, पण हातात काहीतरी असायला हवं. प्रवासात तर मागचा आणि पुढचा, दोन्ही बरोबर घ्या. त्याहून जुने असतील ते दवाखान्यात विचारून काढून टाकलेत तरी चालेल.

आणि परवा गेल्यावर एक करा. बटण नवं बसवलं की तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, आत्ताचा ट्रे घालून बघा आणि सुळ्यावर तो नीट बसतोय ना हे त्यांनाच बघायला सांगा. बटणाभोवती जास्तीचं सिमेंट राहिलं तर ट्रे वर उचलला जातो. ते तिथल्या तिथे घासून निघतं, घरी आल्यावर कळलं तर पुन्हा खेप पडते.