हिवाळा आणि कुत्र्याचे पंजे: तुमचे अनुभव लिहा

नोव्हेंबर सरत आला की टोरांटोच्या फुटपाथांवर बर्फ वितळवायला टाकलेले मिठाचे पांढरे खडे दिसायला लागतात आणि मला बाजीच्या पायांची काळजी लागते. बाजी आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा. थंडीचं त्याला काही वाटत नाही, ताज्या बर्फात सोडलं तर घरी यायचं नाव घेत नाही. पण मीठ टाकलेल्या कोपऱ्यावर आला की पुढचा पाय वर धरून उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. घरी आल्यावर पंजे चाटणं सुरू.

माझं ठाम मत झालंय की त्रास थंडीपेक्षा जमिनीवर जे काही पडलेलं असतं त्याचा जास्त असतो. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. मग कॅल्शियम क्लोराईड टाकतात. ते ओलावा ओढून घेतं आणि विरघळताना तापतं. बोटांच्या बेचक्यात अडकलं तर कातडी लालबुंद होते. चाटून पोटात गेलं की उलट्या, जुलाब.

आमच्याकडे दाराशीच कोमट पाण्याचं घमेलं असतं. एकेक पंजा बुडवायचा, बेचक्यात बोट फिरवायचं, मग टॉवेलने आतपर्यंत कोरडं करायचं. हे कोरडं करणं बरेच जण सोडून देतात, पण ओल राहिली तर पंजाच्या गाद्यांना (तळव्याच्या मऊ उशांना) भेगा पडतात.

तुमच्याकडे काय त्रास होतो, काय उपयोगी पडलं, सविस्तर लिहा. भारतातल्या थंडीचेही अनुभव येऊ द्या.

मिनियापोलिसहून

आमच्याकडे जानेवारीत उणे २५ म्हणजे नेहमीचं. बुटांशिवाय पर्याय नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "अगंबाई, कुत्र्याला कसले बूट?" त्यांना सांगितलं, अलास्कात इडिटारॉड ही जवळपास १६०० किलोमीटरची, कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) शर्यत होते. तिथे तर थंडीतच वाढलेले कुत्रे धावतात, तरी प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट जवळ ठेवायचा नियम आहे. साध्या कापडाचे आणि वेल्क्रोचे असतात. उबेसाठी नव्हेत, घासलं जाऊ नये आणि बोटांत बर्फ साचू नये म्हणून.

सवय ऑक्टोबरातच घरात लावायची. आधी एकच बूट, खाऊ, लगेच काढायचा. दुसऱ्या दिवशी दोन. माप घेताना कुत्र्याला उभं करून कागदावर पंजा आखायचा, कारण वजन पडलं की पंजा पसरतो. पट्ट्याखाली आपलं बोट सहज जायला हवं. पातळ रबरी बूट मिळतात ते छान बसतात, पण फिरून आलं की लगेच काढा. कुत्र्यांना घाम पंजातून येतो आणि त्यात हवा खेळत नाही.

म्युनिकहून

इथे फुटपाथवर मीठ टाकायला घरमालकांना साधारणपणे मनाई आहे, त्याऐवजी बारीक खडी टाकतात. मीठ नाही म्हणून आधी बरं वाटलं होतं, पण तिच्या कडा धारदार असतात आणि खडा बोटांमध्ये रुततो. आमची राणी गोल्डन रिट्रीवर, पंजाखाली केसांचे झुपके. त्या केसांना बर्फ चिकटतो, शरीराच्या उबेने थोडा वितळतो, परत गोठतो. बघता बघता बोरांएवढ्या गोठल्या गाठी तयार होतात आणि बोटं फाकतात. त्या ओढून काढू नका, केसांसकट कातडी खेचली जाते. तळहातात पंजा धरून ठेवा, नाहीतर कोमट पाण्यात सोडा. गरम पाणी अजिबात नको.

आता मी हिवाळ्याआधी बोथट टोकाच्या कात्रीने हे केस गादीच्या पातळीला कापते. नखंही कापते. नखं वाढली की बोटं पसरतात आणि बर्फ आणखी आत शिरतो.

मॉन्ट्रियलहून

बूट सहन न होणाऱ्यांसाठी मेण. आम्ही 'मशर्स सिक्रेट' नावाचं वापरतो, बाहेर पडण्याआधी पंजाला पातळ थर. तरी परत आल्यावर धुवायला लागतंच. टी ट्री ऑइल असलेलं काही लावू नका, कुत्र्यांना ते विषारी असतं. झिंक ऑक्साईड असलेली आपली क्रीमही नकोत, चाटून पोटात जातात.

मिशिगनहून

मी पशुवैद्य आहे, शिक्षण परभणीचं. कुत्र्यांचे पाय बर्फावर लगेच का गोठत नाहीत, यावर जपानमध्ये निनोमिया आणि सहकाऱ्यांनी २०११ साली काम प्रसिद्ध केलं. पंजात रोहिणीभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. आत येणारं गरम रक्त परत जाणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं. पण या व्यवस्थेच्या भरवशावर छोट्या, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला फार वेळ बाहेर ठेवू नका. पंजा फिकट किंवा करडा, गार आणि कडक लागला तर चोळू नका, ड्रायर लावू नका. उबदार जागी न्या, कोमट पाणी वापरा आणि दवाखाना गाठा.

आणि गॅरेजमध्ये सांडलेलं गाडीचं अँटीफ्रीझ, म्हणजे इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. पंजाला लागलेलं चाटलं तरी धोका, मूत्रपिंडं जातात. लक्षणांची वाट बघू नका, पहिले काही तासच हातात असतात.

निफाडहून

आमच्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा पाचाच्या आसपास येतो. मळ्यातल्या शेरूचे तीन त्रास. पहिला सराटे, म्हणजे पायात रुतणारे काटे. दुसरा हरभऱ्याची आंब, म्हणजे झाडावरचा आंबट ओलावा. पहाटे दवात हरभऱ्यातून फिरून आला की बेचकं लाल होतं, दिवसभर चाटतो. साध्या पाण्याने धुतलं की शांत होतो. तिसरा सगळ्यात वाईट, शेकोटी. माणसं उठून गेली की तो उबेला राखेत जाऊन बसतो, आणि राखेखाली निखारे जिवंत असतात. मागच्या पायाची गादी भाजली, कातडी सुटून आली होती. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत घरी काय करावं?

मिशिगनहून

गार पाण्याची हलकी धार दहा-पंधरा मिनिटं सोडा, बर्फ लावू नका. हळद, टूथपेस्ट, तूप काही नको. स्वच्छ ओलं फडकं सैल गुंडाळा आणि चाटू देऊ नका. शेकोटी विझवताना राखेवर बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता.

टोरांटोहून (धागाकर्ती)

निफाडकर, शेरूला गोठ्यात भिंतीच्या आडोशाला पोत्यात पेंढा भरून दिलात तर तो राखेकडे जायचा नाही, जमिनीपासून जरा उंच असलं तर आणखी बरं.

इथल्या लोकांसाठी एक राहिलं. मिठाच्या पाण्यातून वीज पटकन वाहते. २००८-०९ च्या हिवाळ्यात इथे फुटपाथवर उतरलेल्या विजेने कुत्रे दगावले होते. विजेच्या खांबाजवळ किंवा लोखंडी झाकणावर कुत्रा अचानक किंचाळला तर मिठानेच चुरचुरलं असेल असं समजू नका. त्याला तिथून मागे ओढा, स्वतः पुढे जाऊ नका आणि पालिकेला कळवा.