चाळीस माणसांची गल्ली

घाटावरची
कालच्या चित्रांच्या धाग्यावर एकाने सल्ला दिला, "ताई, मॅस्टोडॉनवर चाळीस जणांपुढे चित्रं टाकून काय मिळणार? इन्स्टावर रील करा, रीच मिळेल." (मॅस्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या छोट्या-मोठ्या सर्व्हरांचं मिळून झालेलं सोशल नेटवर्क.) धाग्यावर दोन ओळी लिहून गप्प बसले, पण रात्रभर डोक्यात किडा वळवळत राहिला.

इन्स्टावर मी चार वर्षं होते. शाईने काढलेला पाटा-वरवंटा टाकला, तर अकरा लाइक, त्यातले चार माहेरचे. तेच चित्र मॅस्टोडॉनवर टाकलं, तेव्हा एका अनोळखी बाईंनी विचारलं, "वर्णन लिहाल का? मला दिसत नाही." तिथे चित्राला वर्णन जोडायचा रिवाज आहे, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. लिहायला बसले आणि लक्षात आलं, पाट्याला टाकी लावल्याच्या खुणा मी काढल्याच नव्हत्या. गुळगुळीत पाट्यावर चटणी काय कपाळ वाटणार! पुन्हा काढलं. त्या ऑक्टोबरात इंकटोबरचे, म्हणजे महिनाभर रोज एक शाईचं चित्र काढायच्या उपक्रमाचे, 31 दिवस पुरे केले. आधी तीन खेपा नवव्या-दहाव्या दिवशीच गाडी पंक्चर.

सुपातला
छान. आता माझं ऐका. मीही एका चिमुकल्या सर्व्हरवर होतो, चालवणारा एकटा, खर्च त्याच्या खिशातून. कंटाळला, बंद केला. मॅस्टोडॉनवर घर बदललं कि फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्टी नाही. दोन वर्षांच्या चारोळ्या गेल्या. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014ला बंद झालं तेव्हाही हेच रडलो होतो, पण ते निदान गूगलचं होतं!
आणि माझी बहीण पणत्या रंगवून विकते, इन्स्टावरच. तिला सांगू का, कि चाळीस जणांत समाधान मान?

वेलांटी
'कि' नव्हे, 'की'. दोनदा. स्वतःला चारोळीकार म्हणवता.

सुपातला
आल्या मास्तरीणबाई. मुद्द्यावर काही?

वेलांटी
हाच मुद्दा. लहान जागेत कुणीतरी नीट वाचतं म्हणून चूक सांगतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962चे चौदा नियम, 1972ला आणखी चार. अठरा नियम वाचायला अर्धा तास पुरतो.

सुपातला
त्याच नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार उडवले. म्हणजे तुमच्या आजोबांची पत्रं आज अशुद्ध. लाल पेन घेऊन बसा.

वेलांटी
आजोबांपर्यंत जायचं कारण नाही. ते 'की' दीर्घच लिहायचे.

मोहफूल
बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहितेच. अशाच एका छोट्या, प्रेमळ वगैरे मंडळात मी आजीवर लेख टाकला होता. ती पहाटे मोहफुलं वेचायला जायची. आम्ही विदर्भातले. 'आजी सांगून राहिली होती' असं लिहिलं. सतरा प्रतिसाद आले, पंधरा माझ्या मराठीवर. एकाने 'आधी भाषा शिका' म्हटलं, त्याला सात जणांचं अनुमोदन. आजीबद्दल एकानेही विचारलं नाही. मोठ्या गर्दीत कुणी बघत नाही, हे बरं असते. चाळीस जणांत चाळीसही जण बघतात.

घाटावरची
धागा भरकटून त्याचं काश्मीर झालंच. पण मोहफूल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला भली माणसं भेटली, त्याचं श्रेय मी गल्लीच्या आकाराला देऊन मोकळी झाले.
सुपातला, पणत्यांचं मान्य, पोटाचं गणित वेगळं. चारोळ्यांची प्रत स्वतःकडे का ठेवली नाहीत, हे मात्र कळलं नाही.

सुपातला
दुखऱ्या जागी बोट ठेवल्याबद्दल आभारी आहे. डाउनलोडचं बटण होतं. आळस.

वेलांटी
बोली आणि चूक यांतला फरक मला कळतो. 'सांगून राहिली' ही चूक नाही, तिथे मी असते तर बोलले नसते. (बहुतेक.) 'कि' मात्र चूकच.
मोहफूल, तो लेख आहे का? फुलं वाळवतात कशी?

मोहफूल
उडवला तेव्हाच. फुलं रात्रीतून गळतात, उजाडायच्या आत टोपलं घेऊन निघावं लागते, नाहीतर गुरं खाऊन टाकतात. वाळवायचं उद्या लिहिते.
'निघावं लागते' तसंच राहील.

वेलांटी
राहू दे.

सुपातला
स्क्रीनशॉट काढून ठेवला. आता प्रत ठेवायची सवय लावतोय, कि नाही?