आधी कागद, मग स्क्रीन
अ‍ॅनिमेशन शिकवताना मुलांना थेट सॉफ्टवेअर द्यावं की आधी कागदावर आखणी करून घ्यावी, असा प्रश्न आहे. मी ठामपणे कागदाच्या बाजूने. सहा चौकटींचा स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीतले प्रसंग क्रमाने दाखवणारी चित्रं, काढला की गोष्ट कुठे अडते ते मुलांना स्वतःलाच दिसतं, आणि चौकट खोडणं सोपं असतं.

मग वेळेचा हिशेब. सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे १२ चित्रं, धरली तर १० सेकंदांना १२० फ्रेम लागतात. हे गणित मुलांनाच मांडू द्या. भलीमोठी युद्धकथा आपोआप आटोपशीर होते.

पहिला सराव उसळत्या चेंडूचा. वर पोचताना चित्रं जवळजवळ, जमिनीकडे येताना लांब लांब, हे ओनियन स्किन (मागची-पुढची चित्रं पुसट दाखवणारी सोय) चालू केलं की लगेच कळतं. पेन्सिल टूडी हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात ही सोय मिळते. संवाद नसतील तर आवाज शेवटी जोडा.