जपानी 'नामाए' आणि आपलं 'नाव': सगळ्या भाषा एकाच घरातल्या का?

उगवती

नमस्कार. गेले आठ महिने मी जपानी शिकतोय. पहिल्याच धड्यात 'नामाए' हा शब्द आला, अर्थ 'नाव'. पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो. संस्कृत नाम, फारसी नाम, लॅटिन नोमेन, इंग्रजी नेम आणि आता थेट जपानी नामाए! एक मैत्रीण फिनिश शिकते, तिला विचारलं तर त्यांच्याकडे 'निमी'. हंगेरियनमध्ये 'नेव'. त्यात भर म्हणजे जपानी 'अरिगातो' आणि पोर्तुगीज 'ओब्रिगादो', दोन्हींचा अर्थ धन्यवाद.

हे सगळं योगायोगाने होईल असं मला वाटत नाही. जगातल्या सगळ्या भाषांची मूळ भाषा एकच होती का? काही जण म्हणतात ती संस्कृतच, काही जण म्हणतात त्याहून फार जुनी. ज्यांनी यात मन घातलं आहे त्यांनी कृपया नीट सांगावं. मला खरंच कळून घ्यायचं आहे.

जुनी वही

अकरावीत असल्यापासून माझ्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. वेगवेगळ्या भाषांतले सारखे दिसणारे शब्द मी तिच्यात जोडीजोडीने लिहीत आले. साडेतीनशेच्या वर जोड्या झाल्या होत्या. पुढे शिकत गेले तसतशी एकेकीवर लाल रेघ मारावी लागली आणि आता जेमतेम नव्वद उरल्यात. पहिली रेघ कशावर मारली असेल? 'नामाए'वरच.

'नामाए' हा जोडशब्द आहे. 'ना' म्हणजे नाव आणि 'माए' म्हणजे पुढचा. आपल्याला ओळखीचा वाटतो तो म मुळी 'माए'चा आहे, 'नाव' या अर्थाचा जुना शब्द नुसता 'ना'. 'अरिगातो'चंही तसंच. तो 'अरिगाताशी' या शब्दावरून आला, आणि हा शब्द जपानी कवितेत आठव्या शतकापासून सापडतो. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ साली.

आता दुसरी बाजू बघा. आर्मेनियनमध्ये नाव म्हणजे 'अनुन'. जुन्या आयरिशमध्ये 'आइन्म'. अल्बेनियनमध्ये 'एमर'. तुर्कस्तानातल्या बोगाझक्यॉय इथल्या मातीच्या पाट्यांवरची प्राचीन हित्ती भाषा बेदरिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये उलगडली, तिच्यात 'लामन'. एकही 'नाम'सारखा दिसत नाही, आणि तरी हे सगळे 'नाम'चे सख्खे नातलग आहेत. नातं चेहऱ्यावरून ओळखायचं नसतं. फरक पडला तो नियमाने पडला का, हे बघायचं असतं.

नियम म्हणजे काय ते आपल्याच भाषेत दिसतं. संस्कृत ग्राम, मराठी गाव. नाम, नाव. कोमल, कोवळा. श्यामल, सावळा. आमलक, आवळा. दोन स्वरांच्या मधल्या म चा आपल्याकडे व झाला, आणि एकदोन शब्दांत नव्हे, ओळीने झाला. मधली पायरीसुद्धा कागदावर आहे. आजीच्या पत्रांत 'नांव', 'गांव' असं लिहिलेलं असे. डोक्यावरचा तो अनुस्वार म्हणजे गेलेल्या म ची खूण. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो काढून टाकला. माझ्याकडे त्यातलं एक पत्र आहे, त्यात एका ओळीत 'नांव' आहे आणि खाली नदी ओलांडायची 'नाव', बिनअनुस्वाराची. ही दुसरी 'नौ'वरून आली, लॅटिन 'नाविस'ची बहीण. दोन वेगळ्या कुळांतले शब्द आपल्या तोंडात येईपर्यंत हुबेहूब एक झाले! एका भाषेच्या आत असं होतं, तर हजारो भाषांत योगायोग किती निघतील?

संस्कृतबद्दल. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या भाषणात म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलाही नसेल. म्हणजे संस्कृत ही आई नव्हे, बहीण. शाळेत संस्कृत असेल तर 'चकार' (त्याने केलं) आठवा. धातू 'कृ'. द्वित्व करायचं, म्हणजे पहिला ध्वनी दोनदा घ्यायचा, तर 'ककार' व्हायला हवं, मग च कुठून आला? ग्रीकमध्ये 'ददर्श'चा (त्याने पाहिलं) जुळा शब्द 'देदोर्का' आहे, तिथे द्वित्वात ए स्वर आहे. संस्कृतच्या पूर्वजातही तिथे ए होता, आणि त्या ए पुढे क मऊ होऊन च झाला. नंतर ए चाच अ होऊन गेला, पण च मागे राहिला. जो स्वर संस्कृतने स्वतः हरवला तो ग्रीकने जपला आहे, मग संस्कृतला ग्रीकची आई कसं म्हणणार? हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. संस्कृतवरचं माझं प्रेम यामुळे तसूभरही कमी झालेलं नाही. उलट 'चकार' म्हणताना तो नाहीसा झालेला ए ऐकू येतो.

'निमी' आणि 'नेव' मात्र मी खोडलेले नाहीत. ती दोन्ही उरालिक कुळातली, त्यांचं आपापसातलं नातं पक्कं आहे. आपल्या 'नाम'शी त्यांचं काय, उसनवारी, योगायोग की फार जुनं नातं, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

पायवाट

ताई, 'निमी' शिल्लक ठेवलात हे बरं केलंत. पण एवढ्यावर थांबू नका. सर्वनामं बघा. आपलं मी-तू, लॅटिन मे-ते. फिनिश 'मिना' आणि 'सिना', यातला स आधी त होता. तुर्की 'बेन' आणि 'सेन'. मंगोलियन 'बी' म्हणजे मी, पण 'माझं' म्हणजे 'मिनी', म पुन्हा वर आलाच. सर्वनामं कोणी सहजासहजी उसनी घेत नाही. होल्गर पेडरसन यांनी १९०३ मध्ये अशा मोठ्या कुळाला 'नॉस्ट्रॅटिक' हे नाव दिलं. पुढे इलिच-स्वितिच यांनी त्यासाठी ध्वनींचे नियमच बसवायला घेतले आणि १९६६ मध्ये ऐन तिशीत ते गेले. त्यांचं काम निव्वळ शब्दांचं साम्य दाखवणारं नव्हतं. नियमाचीच कसोटी लावायची तर त्यांनाही ती लावून बघा.

जुनी वही

पायवाट, तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. वहीत मी-तूचं पान अजून कोरं ठेवलंय, रेघ नाही आणि बरोबरची खूणही नाही.

अडचण अशी की सर्वनामं असतात एवढीशी, आणि म, न, त हे सगळीकडे सापडणारे ध्वनी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कितीतरी मूळ भाषांत 'मी'साठी न आणि 'तू'साठी म येतो. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९८७ मध्ये हाही पुरावा धरून दोन्ही अमेरिकांतल्या बहुतेक भाषा एका कुळात घातल्या, पण त्या भाषांवर आयुष्य घालवलेल्या बहुतेक अभ्यासकांना ते पटलं नाही. शिवाय म तर बाळाच्या तोंडी सगळ्यात आधी येणाऱ्या ध्वनींपैकी. त्याला अर्थ मोठी माणसं चिकटवतात. जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई!

खरी भिंत काळाची आहे. मॉरिस स्वॉडेश यांनी रोजच्या वापरातले शंभर शब्द घेतले (पाणी, हात, मी, दोन असे) आणि हजार वर्षांनी त्यातले ८६ टिकतात असं धरलं. हा वेग सगळीकडे सारखा नसतो, आइसलँडिक फार हळू बदलली. तरी अंदाजासाठी हिशेब करू. दोन बहिणी वेगळ्या झाल्या की गळती दोघींची मोजायची. हजार वर्षांनी सामाईक उरतात ७४, पाच हजारांनी २२, दहा हजारांनी ५. आणि शंभरात पाच जोड्या तर काहीच नातं नसलेल्या भाषांतही निघू शकतात. माणूस ऑस्ट्रेलियात पोचला त्यालाच सुमारे ५० हजार वर्षं झाली, आणि तो काही मुका गेला नसणार.

म्हणून उगवती, 'एकच मूळ नव्हतं' असं मी म्हणत नाही. असेलही. पण शब्दांच्या वाटेने तिथवर परत जाता येईल असं मला वाटत नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. अर्थात भिंत पुढे सरकतेसुद्धा. सायबेरियात येनिसेई नदीकाठची केत भाषा आणि अलास्काकडची ना-देने भाषांची शाखा यांचं नातं एडवर्ड वायदा यांनी २००८ मध्ये मांडलं, तेही मुख्यतः क्रियापदाच्या रचनेवरून. सगळ्यांना ते मान्य नाही, पण गांभीर्याने तपासलं जातंय.

हातवारे

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. 'सगळ्या भाषा' म्हणताना तुम्ही दोघांनी आमच्या भाषा मोजल्याच नाहीत, म्हणून लिहिते.

निकाराग्वात १९७७ नंतर बहिऱ्या मुलांसाठी मानाग्वात शाळा निघाली. तोवर ही मुलं आपापल्या घरी, घरच्या खुणांवर वाढलेली. एकत्र आल्यावर मैदानात आणि बसमध्ये त्यांच्यात नव्याच खुणा रुजल्या. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्यांना व्याकरण दिलं, आणि काही वर्षांत पूर्ण भाषा उभी राहिली. तिला कुणी आई नाही. म्हणजे एकूण एक भाषा एकाच मुळातून आली, हे आजच खरं नाही.

आणि कुळं आमच्यातही आहेत. अमेरिकेची खुणांची भाषा फ्रान्सच्या भाषेतून आलेली, १८१७ पासूनची. ब्रिटनची तिच्याहून अगदी वेगळी. दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण एकीकडचा बहिरा माणूस दुसरीकडच्याचं समजू शकत नाही.

उगवती

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाराग्वाचं वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलंच नाही.

ताई, रात्री म चा व शोधत बसलो. गोस्वामी-गोसावी सापडलं, फार आनंद झाला. पण एक अडलंय. कोमलचा कोवळा झाला, मग कमलचा 'कवळ' का नाही झाला? आपण तर कमळच म्हणतो. नियम मोडला का?

जुनी वही

शाब्बास, हाच प्रश्न पडायला हवा. नियम मोडलेला नाही. हिंदीत 'कँवल' आहे बघा, तिथे म नियमाप्रमाणे गेला. आपलं 'कमळ' पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून झिजत आलेलं नाही, ते मागाहून संस्कृतातून पुन्हा उचललं. ल चा ळ तेवढा आपल्या तोंडाने केला, म मात्र जसाच्या तसा राहिला. असे अडणारे शब्द वेगळ्या पानावर लिहून ठेवा. कोणता शब्द वंशातून आला आणि कोणता मागून आणला, ते त्यांच्यावरूनच कळतं. माझ्याकडे त्या पानावर पुढचा शब्द 'नाम' आहे. घरात 'नाव' असताना तोही आपण परत आणलाच ना!