मदत हवी आहे: ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होताना फुगलेला दगड मावतो कुठे?

मंडळी, दोन दिवस एका हिशेबात अडकलोय.

पेरिडोटाइटचा (मुख्यतः ऑलिव्हिन या खनिजाचा बनलेला खडक) थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. क्रॉस्ड पोलरायझर्समध्ये (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांतून पाहताना) ऑलिव्हिनचे कण झगझगीत निळे-गुलाबी, आणि त्यांच्यातून करड्या सर्पेंटाइनच्या (ऑलिव्हिन आणि पाण्यापासून होणारं खनिज) शिरा जाळीसारख्या गेलेल्या. जाळीच्या घरांत ऑलिव्हिनचा एकेक उरलेला तुकडा, शिरांत मॅग्नेटाइटचे (लोहाचं ऑक्साइड) काळे ठिपके. पाणी भेगांतून शिरलं आणि कडेनं ऑलिव्हिन खात गेलं, इथवर कळलं. ते खनिजात द्रवरूपात नाही, हायड्रॉक्सिल (OH) होऊन बसतं, हेही मान्य.

मग गणित मांडलं. सोयीसाठी लोह वगळलं. ऑलिव्हिनचे दोन मोल, पाण्याचे तीन. त्यातून सर्पेंटाइनचा एक आणि ब्रुसाइटचा (मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं खनिज) एक. वस्तुमान जुळलं. सर्पेंटाइनमध्ये वजनाच्या १३ टक्के पाणी, तेही जुळलं. पण घन भागाचं आकारमान सुमारे ८८ घन सेंटिमीटरवरून १३२ वर गेलं. दीडपट!

आता सांगा, दगड एवढा फुगला तर पाणी आलं ती भेगच बुजणार. पाणी बंद, प्रक्रिया बंद. मग समुद्रतळावर जवळजवळ पूर्ण बदललेले सर्पेंटिनाइट (सर्पेंटाइनचे खडक) कसे सापडतात? माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
गणित बरोबर आहे. भेग बुजते हेही खरं, पण तेवढंच होत नाही. वाढणारं सर्पेंटाइन पाचरीसारखं काम करतं. शेजारचं ऑलिव्हिन तडकतं आणि पाण्याला नवी वाट मिळते. शिवाय तुम्ही दगडाला बंद डबा समजलात. थोडं मॅग्नेशियम, थोडी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, तेवढी फुगवट कमी. कशाचा वाटा किती, यावर भूवैज्ञानिकांत अजून वाद आहे, त्यामुळे दोन दिवस अडकलात याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली जाताना खंदकापाशी वाकतो तिथे तर प्रस्तरभंगच पाण्याला प्रावरणापर्यंत (भूकवचाखालच्या थरापर्यंत) नेतात.

जाळीच्या घरांच्या आत केसाएवढ्या आडव्या शिरा दिसतात का, बघा.

धागाकर्ता:
पाहिलं. दोन घरांत आहेत, आणि त्या मोठ्या शिरेपासूनच फुटल्यात. तिसऱ्यातला ऑलिव्हिन मात्र अखंड आहे. त्याच्याभोवतीची शीर गच्च भरलेली. म्हणजे एकाच स्लाइडवर तडकणं आणि बुजणं, दोन्ही?

प्रतिसाद १:
हो, दोन्ही. मोठं करून फोटो टाका.