लोकसंगीत-रॉक बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम : संबळ मागे पडू नये यासाठी ध्वनिमुद्रण कसे करावे आणि श्रेय कोणाच्या नावे लिहावे?

लालबागकर (प्रश्न)

नमस्कार. आमचा पाच जणांचा बँड गेली चार वर्षे मुंबईत आणि आसपास कार्यक्रम करीत आहे. गिटार, बेस आणि ड्रम्स यांच्या जोडीला आमच्याकडे संबळ आणि तुणतुणे आहे, आणि संबळ वाजवणारे दादा पिढीजात गोंधळी घराण्यातले आहेत. आता आठ गाण्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम करण्याचे ठरले आहे. त्यात तीन गाणी आमची स्वतःची, दोन गोंधळाची पदे, तुकोबांचा एक अभंग, अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ आणि शेवटी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर बांधलेले एक गाणे असेल. आजी सातारा जिल्ह्यातली. लग्नानंतर आजोबांच्या गिरणीच्या नोकरीमुळे ती लालबागच्या चाळीत आली. १९९४ साली मामाने टेपरेकॉर्डरवर तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. ती आता नाही, पण त्या कॅसेटमधला तिचा आवाज गाण्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद ठेवावा, अशी माझी फार इच्छा आहे.

गेल्या महिन्यात चाचणी म्हणून गोंधळाचे एक पद आम्ही स्टुडिओत एका शिफ्टमध्ये मुद्रित केले. मंचावर जे पद सुरू झाले की लोक बसल्या जागी डोलू लागतात, ते ऐकताना निर्जीव वाटले. आधी क्लिकवर (हेडफोनमध्ये एकाच गतीने वाजणाऱ्या टकटकीवर) ड्रम्स, मग बेस, मग गिटार आणि सर्वांत शेवटी संबळ, असा क्रम होता. ज्यांच्या हातावर आमची सगळी लय उभी असते ते दादा कानाला हेडफोन लावून त्या टकटकीच्या मागे चालत होते. स्टुडिओत ते काही बोलले नाहीत, पण परतताना लोकलमध्ये म्हणाले, “हे माझं वाजवणं नाही.” तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

मुद्रण कसे करावे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा श्रेयाचा : गाणी ऑनलाइन वितरित करणाऱ्या कंपनीच्या अर्जात प्रत्येक गाण्याचा गीतकार आणि संगीतकार विचारतात. आमच्या तीन गाण्यांखेरीज बाकी पाचही ठिकाणी ‘पारंपरिक’ लिहून मोकळे व्हा, असा सल्ला मिळाला आहे. तो बरोबर आहे का? आणि अल्बम एकदम प्रकाशित करावा, की एकेक गाणे सोडावे?

दादर_ध्वनिमुद्रक

आपल्या दादांनी नेमके दुखणे सांगितले आहे. गोंधळाची लय स्थिर नसते. ती चढत जाते, आणि ते चढणे हाच त्या पदाचा प्राण असतो. क्लिक लावला की पहिल्या कडव्याची आणि शेवटच्या कडव्याची गती एकच होते, आणि मग ड्रम्स कितीही जोरात वाजवले तरी गाणे उठत नाही. म्हणून क्रम उलटा करा. संबळ, तुणतुणे, ड्रम्स आणि मुख्य गायक यांना एकमेकांचे चेहरे दिसतील असे एकत्र बसवून क्लिकशिवाय वाजवू द्या. बेस आणि गिटार थेट तारेने घ्या, म्हणजे त्यांचा आवाज खोलीत मिसळणार नाही. नंतर कशाची भर घालायची असेल, तर झालेल्या मुद्रणावरून संगणकात गतीचा नकाशा तयार करता येतो. त्या वेळी यंत्र दादांच्या मागे चालेल. संबळाच्या मायक्रोफोनमध्ये ड्रम्सचा थोडा आवाज शिरेल, त्याला भिऊ नका. संबळाच्या दोन्ही भांड्यांना वेगळे मायक्रोफोन द्या, कारण एकाचा चढा आणि दुसऱ्याचा खर्जातला आवाज मिश्रणाच्या वेळी वेगवेगळा हाताळावा लागतो.

दुसरी गोष्ट मुंबईच्या हवेची. पावसाळ्यात दमट हवेने चामडे सैल पडते आणि आवाज बसतो. वातानुकूलित खोलीत तेच चामडे कोरडे होऊन तासाभरात चढते. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक मग जुळत नाहीत. वाद्ये मुद्रणाआधी निदान दीड-दोन तास त्याच खोलीत उघडी ठेवा आणि शिफ्टचे भाडे ठरवताना तो वेळ धरूनच ठरवा. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकतात, ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट स्वराची, आणि माझ्या मते इथेच बहुतेक बँड लोकगीताचे नुकसान करतात. कॅसेटमधल्या आजीचा ‘सा’ पेटीच्या काळी आणि पांढरी पट्टी यांच्या मध्ये कुठेतरी असेल, कारण तिने पेटी समोर ठेवून गायलेले नाही. तिचा आवाज यंत्राने ओढून ‘काळी चार’वर बसवू नका, गिटार आणि बेस तिच्या ‘सा’पाशी आणून लावा. ओवीची चाल बहुधा चार-पाच स्वरांत फिरते, तिच्याखाली दर ओळीला कॉर्ड बदलला की ती गुदमरते. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारवादकाने रूढ केलेली डी-ए-डी-जी-ए-डी ही गिटारच्या सहा तारांची जुळणी करून पाहा. मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या घुमत राहतात आणि ओवीला जागा मिळते.

जुन्या_तबकड्या

आधीच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त स्टुडिओच्या आधीच्या टप्प्याविषयी लिहितो. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचा ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम डिसेंबर १९६९ मध्ये आला आणि इंग्लिश लोकसंगीत-रॉकची वाट त्याने घालून दिली. त्याच वर्षी मे महिन्यात कार्यक्रमाहून परतताना त्यांच्या गाडीला महामार्गावर अपघात झाला होता आणि त्यात त्यांचा अवघा एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लॅम्बल गेला. उरलेले लोक हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन या गावी एका मोठ्या घरात उन्हाळाभर एकत्र राहिले. डेव्ह स्वॉर्ब्रिक हा पारंपरिक सुरावटींत मुरलेला व्हायोलिनवादक आणि डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमवादक तिथे त्यांच्यात मिसळले. बेसवादक ॲशले हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाऊसमधल्या संग्रहातून जुनी गाणी शोधून आणत असे. या साऱ्यानंतर ते चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत गेले. त्या अल्बममधले ‘टॅम लिन’सारखे दीर्घ कथागीत ऐकताना व्हायोलिन, गिटार आणि ड्रम्स एकाच श्वासाने चालतात, त्यामागे त्या घरातला सराव आहे. मुंबईत असे घर कोणाला परवडत नाही, हे मी जाणतो. पण दोन-तीन शिफ्टचे पैसे वाचवून बँडने आठवडाभर दादांच्या गावी जाऊन, त्यांच्या अंगणात, त्यांच्या लयीवर सराव केला, तर स्टुडिओतला वेळ निम्म्यावर येईल असे मला मनापासून वाटते.

श्रेयाबाबतही तोच अल्बम आठवतो. त्याच्या उलगडणाऱ्या वेष्टनाच्या आत त्यांनी इंग्लिश लोकपरंपरांची आणि गाणी गोळा करणाऱ्यांची चित्रे आणि माहिती छापली होती. आपल्याकडे तर याहून मोठे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह वाचायला, ऐकायला मिळतात. आजीचे आणि तिच्या गावाचे नाव न लिहिता नुसते ‘पारंपरिक’ लिहिणे मला पटणार नाही.

हक्क_आणि_स्वामित्व

मी स्वामित्व हक्कांच्या क्षेत्रात काम करतो. सरसकट ‘पारंपरिक’ लिहिण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि दोन ठिकाणी तो आपल्याला अडचणीत आणील.

‘माझी मैना’ लोकांच्या तोंडी इतकी रुळली आहे की ती लोकगीत वाटते, पण तिला कवी आहे. अण्णा भाऊंचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. त्यामुळे हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या आणि गीतकार म्हणून अण्णा भाऊंचे नाव लिहा. कायद्याच्या कलम ३१-सी नुसार जुन्या गाण्याचे नवे मुद्रण ठरावीक अटींवर करता येते, परंतु मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचे स्वामित्वशुल्क आगाऊ भरावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडचा बदल संमतीशिवाय करता येत नाही. रॉकची मांडणी करणाऱ्या छोट्या बँडने त्या वाटेने जाऊ नये, असे माझे मत आहे.

अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. चाल मात्र कोणाची आहे, ते तपासा. श्रीनिवास खळे यांनी तुकोबांच्या अभंगांना दिलेल्या चाली आज भजनी मंडळांतही म्हटल्या जातात. खळेकाकांचे निधन २०११ सालचे, म्हणजे त्या चालींवर अजून अनेक दशके हक्क आहे.

आजीच्या मुद्रणाबाबत : गाणाऱ्या व्यक्तीचा कलावंत म्हणून वेगळा हक्क कायद्यात आहे, तो सादरीकरणानंतरच्या वर्षारंभापासून पन्नास वर्षे टिकतो, आणि कलावंत म्हणून नाव दिले जाण्याचा हक्कही त्यात येतो. मामांची आणि आजीच्या सर्व वारसांची साध्या कागदावर सह्यांनिशी संमती घेऊन ठेवा. अर्जात गीत ‘पारंपरिक’, गायिका म्हणून आजीचे नाव आणि संगीत-संयोजन बँडचे, असे लिहिता येईल. गोंधळाची पदे दादांच्या घराण्यातून आली असतील, तर संयोजनाच्या श्रेयात आणि उत्पन्नाच्या वाट्यात त्यांचे नाव लेखी असू द्या. हे मैत्रीवर सोडू नका. अल्बम चालला की मैत्रीवर ताण येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

लालबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अभंगाची चाल आम्ही लहानपणापासून ऐकलेली म्हणून घेतली होती. आज तपासले तेव्हा ती खळेकाकांचीच निघाली. ती सोडून आमच्या गावाकडच्या दिंडीत म्हणतात ती साधी चाल घेण्याचे आम्ही एकमताने ठरवले. दादांना क्लिकशिवाय मुद्रणाचे सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “मग मी मधोमध बसायचं का?” प्रकाशनाबद्दल कोणी सांगू शकेल का?

दादर_ध्वनिमुद्रक

थोडक्यात सांगतो. इंडियन ओशन या बँडने २०१० साली आपल्या अल्बममधली गाणी महिन्याला एक अशी विनामूल्य ऑनलाइन दिली होती, त्यामुळे एकेक गाणे सोडण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. आपल्या बाबतीत गोंधळाचे एक पद आणि आपले एक स्वतःचे गाणे आधी द्यावे आणि बाकीचे एकत्र, कारण आजीच्या ओव्यांचे गाणे सुटे ऐकण्याचे नाही. सात गाण्यांनंतर तो आवाज आला तरच तो पोहोचेल. प्रत्येक मुद्रणाला स्वतंत्र आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) घ्या. २०१५ पासून जगभर शुक्रवारी नवे संगीत प्रकाशित होते, त्याच वारी द्या, आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे पाठवायचे तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवा. प्रकाशनाचा कार्यक्रम मात्र नवरात्रात किंवा लग्नसराईत ठेवू नका. त्या दिवसांत दादांना घरोघरी गोंधळाची बोलावणी असतील.

लालबागकर

दादांशी बोललो. ते म्हणाले, आषाढी झाल्यावर ते मोकळे असतात. तेव्हा चामडे दमट असेल, म्हणून मुद्रण आधी उरकून कार्यक्रम त्या सुमारास ठेवतो आहोत. मामाने संमतीच्या कागदावर सही केली आणि आजीच्या नावापुढे तिच्या माहेरच्या गावाचे नावही लिहायला सांगितले आहे, कारण ओव्या तिने तिथे शिकल्या होत्या.