अमृतसरला एक मुक्काम वाढवाच

अमृतसरला काय बघावं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, अटारीच्या सरहद्दीवरची परेड, की झालं अमृतसर. उरकायचंच तर उरकतं हो! पण रात्री ग्रंथसाहिबांची पालखी हरमंदिर साहिबातून, म्हणजे सुवर्णमंदिरातून, समोरच्या अकाल तख्ताकडे नेतात, ती चुकवू नका. गर्दीतला जो तो खांदा द्यायला धडपडत असतो. लंगरात रोटी ताटात पडत नाही, दोन्ही हात पुढे करून घ्यायची. डाळ मात्र मागाल तेवढी.

दुसऱ्या दिवशी गाडी करून तरनतारन आणि गोइंदवाल ही शिखांची तीर्थं करा. गोइंदवालला शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी बांधलेली बावडी आहे, 84 पायऱ्यांची. गुडघेवाल्यांनी विचार करून उतरावं.

आणि घुमान कुणीच कसं सुचवत नाही? गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव, अमृतसरहून सकाळी निघालं की जेवायला परत. नामदेव महाराजांचा पंजाबातला मुक्काम इथलाच; त्यांची 61 पदं ग्रंथसाहिबात आहेत. 2015 चं साहित्य संमेलनही इथेच भरलं होतं. गुरुद्वाऱ्यात ‘महाराष्ट्रातून आलो’ म्हणून तर बघा, चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

वेळ कमी पडला तर अटारी गाळा. माझं मत हो, तिथे नुसता आरडाओरडा.